रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

समजा, कबनूरच्या एखाद्या मोहल्ल्यात मुलांची निबंध स्पर्धा झाली. निबंध पाच, परीक्षक तीन. तिसऱ्या परीक्षकांना वेळ कमी पडला. त्यांनी तीनच निबंध वाचून क्रमांक लावले. आता निकाल एक्सेलमध्ये कसा भरायचा?

एका मुलीला पहिल्या दोघांनी दुसरा आणि तिसरा क्रमांक दिला. तिसऱ्यांनी तिचा निबंध वाचलेलाच नाही. एका मुलाला मिळाले पहिला, दुसरा आणि तिसरा. मुलीच्या रिकाम्या रकान्यात शून्य टाकले, तर तिची सरासरी १.६७ आणि मुलाची २. क्रमांक जितका लहान तितका वरचा, म्हणजे मुलगी पुढे गेली! खरे तर दोघांचे निबंध वाचणाऱ्या दोन्ही परीक्षकांनी मुलालाच वर ठेवले होते. गुणांच्या यादीत हेच शून्य मुलांना खाली ओढते.

म्हणून रकाना रिकामाच ठेवा. एक्सेलचे ‘ॲव्हरेज’ सूत्र रिकामी जागा वगळते, शून्य मात्र मोजते. मुलीची सरासरी २.५ येईल. शेजारी ‘काउंट’ सूत्राने किती परीक्षकांनी निबंध वाचला तेही दाखवा.

तरी एक गोष्ट उरतेच. तिघांत तिसरा म्हणजे शेवटचा, पाचांत तिसरा म्हणजे मधला. दोन्ही ‘तीन’ सारखे नाहीत. चुरस असेल तर दोघांचेही निबंध ज्यांनी वाचले, त्याच परीक्षकांचे क्रमांक ताडून पाहा. त्याहून बरे म्हणजे, बक्षीस वाटण्याआधी राहिलेले दोन निबंध तिसऱ्या परीक्षकांकडे पोहोचवा आणि पाचही निबंधांचे क्रमांक त्यांच्याकडून नव्याने लावून घ्या. मुलांची मेहनत तेवढ्या खटपटीची हक्कदार आहे.