पहिली शिट्टी पांढरी दोनची
आयरिश टिन व्हिसल शिकायची असेल तर पहिली शिट्टी डी पट्टीचीच घ्या, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी दोन. आयर्लंडमधल्या बैठकींत वाजणाऱ्या बहुतेक चाली डी किंवा जी पट्टीच्या असतात, आणि दोन्ही या एकाच शिट्टीवर निघतात. फॅडोग किंवा जनरेशन कंपनीची साधी पितळी शिट्टी पुरेशी आहे. क्लार्कची पत्र्याची, निमुळती, लाकडी ठोकळ्याची शिट्टी गोड खरी, पण दम फार मागते. दुकानात सहाही भोकं झाकून हलकी फुंकर घाला, मग हळूहळू जोर वाढवा. सूर न किंचाळता वरच्या सप्तकात गेला, तर ती शिट्टी घ्या. महागड्या शिट्टीने नवशिक्याची बोटं सुधारत नाहीत. त्यापेक्षा टिन व्हिसलवादक मेरी बर्गिन यांची १९७९ची ध्वनिमुद्रिका मिळवा आणि रोज ऐका.