प्रेमांतील संशय आणि आमचे टीकाकार

नॉर्वेचे दिग्दर्शक योआकिम ट्रियर यांचा ‘द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड’ हा बोलपट २०२१ सालीं कान येथील महोत्सवांत दाखविण्यांत आला. त्यांतील नायिका रेनाटे राइन्स्व्हे हिला तेथें उत्कृष्ट अभिनेत्रीचें पारितोषिक मिळालें, आणि पुढें ऑस्करच्या दोन नामनिर्देशनांपर्यंत चित्राची मजल गेली. मोठ्या स्टुडिओच्या थैलीवांचून निघालेल्या, एका लहान देशाच्या प्रेमविनोदी चित्राला हा मान थोडा नव्हे. ‘जगांतील सर्वांत वाईट मनुष्य’ हा आपल्याच वागण्यावर चरफडणाऱ्यानें स्वतःला लावून घ्यावयाचा तिकडचा शब्दप्रयोग आहे. आमच्याकडील सुशिक्षित प्रेक्षक मात्र तो नायिकेवरचा न्यायनिवाडा समजून चालतात, आणि चित्र पाहून झाल्यावर बहुधा एकच अभिप्राय देतात: ‘या मुलीला नक्की काय पाहिजे, तेंच तिला ठाऊक नाहीं!’ जणूं हा शेवटचा निकालच. आमच्या मतें त्यांनीं चित्राचा विषय तेवढा सांगितला. निकाल अजून व्हावयाचाच आहे.

गोष्ट थोडक्यांत अशी. ओस्लो शहरांतील यूलिये ही हुशार मुलगी वैद्यकाचा अभ्यास सोडून मानसशास्त्राकडे, व तेंहि सोडून छायाचित्रणाकडे वळते. वयानें तिच्याहून बऱ्याच वडील अशा अक्सेल नांवाच्या चित्रकथाकाराशीं तिचें जुळतें. त्याला मूल हवें आहे. ती ‘आतां नको’ म्हणते, पण ‘मग केव्हां’ याचें उत्तर तिच्यापाशीं नाहीं. पुढें एका परक्या समारंभांत, बोलावणें नसतां शिरली असतां, तिला आयविंड भेटतो. दोघेंहि दुसऱ्या कोणाशीं बांधलेलीं. म्हणून विश्वासघात नेमका कोठें सुरू होतो हें ठरवीत, त्या रेषेच्या अलीकडेच राहण्याच्या निश्चयानें तीं रात्रभर जे उपद्व्याप करतात, तो भाग फारच हंसविणारा आहे. हंसतां हंसतां आपल्या ध्यानांत येतें, कीं रेषा मोजणारांनीं ती केव्हांच ओलांडली आहे. मग एके सकाळीं अक्सेल कॉफी ओतीत असतां यूलिये दिव्याचें बटन दाबते, आणि सारें शहर जागच्या जागीं थिजतें. त्या गोठलेल्या रस्त्यांतून ती एकटी धांवत आयविंडकडे जाते. परत येऊन पुन्हां बटन दाबते, तों अक्सेलची कॉफी अजून ओतून व्हावयाचीच आहे! प्रेमविनोदी चित्रांतून धांवण्याचा प्रसंग कांहीं नवा नव्हे. स्टेशनावर, विमानतळावर, लग्नमंडपांत नायक धांवतच असतो. परंतु तेथें धांव संपली कीं संशय संपतो. येथें धांव संपल्यावर कथेला सुरुवात होते. अक्सेलला सोडतांना ‘प्रेम आहे’ आणि ‘प्रेम नाहीं’ हीं दोन्ही ती एका दमांत बोलते, आणि प्रेक्षकाला दोन्ही खरीं वाटतात.

आपल्याकडे संशयावर उभारलेलें सर्वांत गाजलेलें विनोदी नाटक म्हणजे देवलांचें ‘संशयकल्लोळ’. मोलियेरच्या १६६० सालच्या प्रहसनावरून आर्थर मर्फीच्या १७६१ सालच्या इंग्रजी नाटकांत, आणि तेथून मराठींत, असा या कथेचा प्रवास झाला. देवलांनीं ती आधीं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नांवानें गद्यांत लिहिली, व १९१६ सालीं ती संगीत होऊन रंगभूमीवर आली. शंभरावर वर्षें उलटलीं तरी प्रेक्षक फाल्गुनरावाला हंसतच आहे. कां बरें? कारण त्याचा संशय दुसऱ्याविषयीं आहे. तसबीर कोणाची, ती कोणाच्या हातीं कशी आली, एवढें उलगडलें कीं सगळीं माणसें मोकळीं होतात. यूलियेचा संशय स्वतःविषयीं आहे. येथें तसबीर नाहीं कीं घोटाळा नाहीं. अक्सेल चांगला आहे हें तिला पुरतें ठाऊक आहे. ठाऊक नाहीं तें इतकेंच, कीं आजच्या यूलियेनें दिलेला शब्द दहा वर्षांनंतरची यूलिये पाळील काय? वचन देणारा आज असतो, पाळणारा उद्यां. आणि उद्यांच्या माणसाची साक्ष आज कोणत्या न्यायालयांत काढावी? जो संशय पुराव्यानें मिटावयाचाच नाहीं, त्याला चंचलपणा म्हणणें म्हणजे प्रश्नाची अडचण प्रश्न विचारणारीच्या माथीं मारणें होय.

दुसरा आक्षेप असा, कीं हा सारा मोबाईलच्या युगाचा रोग आहे. आक्षेपकांनीं त्याच देशाचें वाङ्मय थोडें चाळावें. इंग्रजींत ‘लव्हज् कॉमेडी’ म्हणून ओळखलें जाणारें इब्सेनचें पद्यनाटक १८६२ सालीं प्रसिद्ध झालें. फाल्क हा कवि आणि स्वानहिल्ड ही तरुणी यांचें परस्परांवर प्रेम आहे. गुल्डस्टाड नांवाचा एक पोक्त व्यापारी त्यांना एवढेंच विचारतो, कीं हें प्रेम संसारांत टिकेल अशी तुमची खात्री आहे काय? ती दोघांनाहि देतां येत नाहीं. स्वानहिल्ड अंगठी फ्योर्डच्या पाण्यांत टाकते, आणि त्या व्यापाऱ्याचाच हात धरते! नाटकावर एवढा गहजब झाला, कीं राजधानीच्या रंगभूमीवर येण्यास त्याला १८७३ साल उजाडावें लागलें. तेव्हां खापर फोडावयास मोबाईल नव्हता.

ट्रियर व त्यांचे सहलेखक एस्किल वोग्ट यांना या वारशाची जाणीव आहे. यूलियेच्या तिसाव्या वाढदिवशीं निवेदक तिची आई, आजी, पणजी यांची तिसाव्या वर्षींची स्थिति एकेक वाक्यांत सांगत मागें मागें जातो. आजी तीन मुलांची आई होती, आणि राष्ट्रीय रंगभूमीवर इब्सेनच्याच ‘रोस्मरशोल्म’मधील रिबेका वेस्टचें काम करीत होती, अगदीं मागची पूर्वजा तर तिशीपर्यंत जगलीच नाहीं. ज्या स्त्रियांना संशय घेण्याची सवडच मिळाली नाहीं, त्यांच्या निश्चयाची आपण स्तुति करतों!

आतां जरा आपल्या घरांत पाहूं. कांदेपोह्यांच्या बशीआड अर्ध्या तासांत जन्माचा होकार देणारीं माणसें आपण. आपल्याला वर्षानुवर्षें विचार करणारी मुलगी चंचल वाटावी, ही गंमत पाहण्यासारखी आहे. काळ पालटला, हल्लीं मुलगे-मुली आधीं भेटतात, बोलतात, हें आम्ही जाणतों. पण साखरपुडा झाला, कार्यालय ठरलें, पत्रिका छापल्या, आणि मग मुलीनें हलक्या आवाजांत म्हटलें, ‘माझ्या मनाचें नक्की होत नाहीं’, तर काय होतें? ‘लोक काय म्हणतील’ येथपासून ‘लग्नानंतर सारें ठीक होतें’ येथपर्यंत उत्तरांची सरबत्ती होते. तिला वाटतें तरी काय, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. मुलानें तेंच म्हटलें तर ‘त्याला थोडा वेळ द्या’! मुलीचा संशय चुकीचाहि असेल. पण तपासण्याआधींच तो दडपण्याचा जो रिवाज, त्याची किंमत पुढें दोन्ही घरें कौटुंबिक न्यायालयाच्या बांकांवर बसून भरतात.

मात्र संशयालाच स्वातंत्र्य समजून त्याची आरती ओवाळणारा जो नवा पंथ निघाला आहे, त्याच्याहि पंक्तीस आम्ही बसणार नाहीं. हें चित्रहि बसत नाहीं. अक्सेलला असाध्य कर्करोग झाल्यावर यूलिये त्याला भेटते. त्याच्याइतकें आपल्याला कोणीं ओळखलें नव्हतें, हें तिच्या चेहऱ्यावर तेव्हां दिसतें, जेव्हां त्याचा कांहीं उपयोग नाहीं.

आमचा खरा वाद आहे तो शेवटाशीं. यूलियेला दिवस राहतात. मूल हवें कीं नको, हा तिच्या सर्व संशयांतील मुख्य संशय आतां दारांत उभा आहे. आणि लेखकांनीं काय केलें? गर्भ आपोआप गळून पडला असें दाखविलें! ज्या चित्रानें दीड तासाहून अधिक वेळ तिच्या मनाची बाजू धरली, त्यानेंच ऐन प्रसंगीं निर्णय तिच्या हातून काढून दैवाच्या हातीं दिला. इब्सेननें स्वानहिल्डला ही सवलत दिली नव्हती. अंगठी तिनें स्वतःच्या हातानें फेंकली. उपसंहारांत यूलिये एका चित्रीकरणाच्या जागीं छायाचित्रें घेण्याचें काम करते, खिडकींतून आयविंडला दुसऱ्या स्त्रीबरोबर व तान्ह्या मुलाबरोबर पाहते, आणि घरीं येऊन आपल्या कामाला बसते. दृश्य सुंदर आहे. पण ती एकटी आहे ती तिनें तसें ठरविलें म्हणून, कीं तिच्यापुढचा प्रश्नच कोणी उचलून नेला म्हणून, हें कळावयास चित्रांत मार्ग नाहीं. आणि ‘तिला काय पाहिजे तेंच ठाऊक नाहीं’ म्हणून हंसणारांना या चित्रांत जो एकमेव आधार सांपडेल, तो लेखकांनीं येथें आपल्याच हातानें ठेवला आहे.