दर्जाची काळजी असेल, तर विविधता हवीच

ब्रिटिश प्रकाशनव्यवसायात विविधतेची मागणी झाली की आक्षेप ठरलेला असतो: वंश, वर्ग, लिंग पाहून लेखक निवडले तर साहित्याचा दर्जा घसरेल. २०१८ मध्ये पेंग्विन रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेच्या विविधता-धोरणावर कादंबरीकार लायनेल श्रायव्हर यांनी याच अंगाने टीका केली होती. चांगले पुस्तकच छापले जावे, हा आग्रह रास्त आहे. पण आजवरची निवड निव्वळ गुणांवरच झाली, हे त्यामागचे गृहीतक टिकणारे नाही.

२०१७ साली ब्रिटनमध्ये ९,११५ बालपुस्तके निघाली. त्यांपैकी केवळ ३९१ पुस्तकांत कृष्णवर्णीय, आशियाई वा अन्य अल्पसंख्याक वंशांची पात्रे होती. इंग्लंडच्या शाळांत तेव्हा जवळपास एक तृतीयांश मुले या समाजांतली होती. एवढी तफावत गुणांच्या कसोटीतून निर्माण होत नाही. ती निवडणाऱ्यांच्या नजरेतून निर्माण होते.

दुसरा आक्षेप बाजाराचा: अशी पुस्तके खपत नाहीत. संपादक नव्या हस्तलिखिताची किंमत ठरवताना त्याच्यासारखी आधीची पुस्तके किती खपली ते पाहतात. ज्या प्रकारचे पुस्तक कधी छापलेच नाही, त्याच्या खपाचा आकडा येणार कुठून? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोल्डस्मिथ्स विद्यापीठाच्या अभ्यासाने या पद्धतीवर नेमके बोट ठेवले. त्याच वर्षी जूनमध्ये रेनी एडो-लॉज यांचे वंशभेदावरचे पुस्तक ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्या स्थानावर पोहोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय ब्रिटिश लेखिका. वाचक होते, त्यांच्यापर्यंत पुस्तके पोहोचत नव्हती.

तिसरे म्हणणे असे, की आता अशा लेखकांना पुरस्कार मिळू लागले, प्रश्न सुटला. इतिहास तसे सांगत नाही. कृष्णवर्णीय प्रकाशक जॉन ला रोज यांनी लंडनमध्ये न्यू बीकन बुक्स ही संस्था १९६६ मध्ये सुरू केली. कृष्णवर्णीय मार्गारेट बझ्बी यांनी १९६७ मध्ये ॲलिसन अँड बझ्बी ही संस्था भागीदारीत काढली. तरीही कृष्णवर्णीय स्त्रीला बुकर मिळायला २०१९ साल उजाडावे लागले. बर्नार्डिन एव्हरिस्टो या तो मिळवणाऱ्या पहिल्या. आरंभ लवकर झाला, पण मोठ्या संस्थांत त्याला जागा मिळाली नाही.

विविधतेने दर्जा वाढतो, याचा पुरावा छोट्या प्रकाशकांनी दिला आहे. लीड्सच्या पीपल ट्री प्रेसने कॅरिबियन लेखनाला आधार दिला आणि त्यांनी छापलेल्या मोनिक रॉफी यांच्या कादंबरीने २०२० चा कोस्टा ‘बुक ऑफ द इयर’ पुरस्कार मिळवला. टिल्टेड ॲक्सिसने गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीचा अनुवाद काढला. त्याला २०२२ चे आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. शेफील्डच्या अँड अदर स्टोरीजने छापलेल्या बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या अनुवादाला २०२५ मध्ये तोच मान लाभला. परीक्षकांनी यांपैकी कोणालाही सवलत दिली नव्हती.

आता मोठ्या संस्थांनी जबाबदारी घ्यावी. पेंग्विन रँडम हाउसने २०१६ मध्ये नोकरीसाठी पदवीची अट काढली, ते योग्यच केले. पण उमेदवारीपुरती दारे उघडून भागत नाही. हस्तलिखित स्वीकारण्याचा आणि त्यावर पैसा लावण्याचा अधिकार ज्या पदांकडे आहे, तिथे वेगवेगळ्या समाजांतली माणसे कायमस्वरूपी हवीत. लंडनमध्ये घरभाडे भरून जगता येईल असे वेतनही हवे. निवडणाऱ्यांचे वर्तुळ रुंदावल्याशिवाय उत्तमाचा शोध अपुराच राहील. म्हणून ज्यांना दर्जाची खरी काळजी आहे, त्यांनीच ही मागणी सर्वांत आधी करायला हवी.