बंदूक कोणाच्या भिंतीवर?

आसामच्या मंत्रिमंडळाने २८ मे २०२५ रोजी एक निर्णय घेतला. धुबरी, नगाव, मोरीगाव, बारपेटा, दक्षिण सालमारा-मानकाचर अशा जिल्ह्यांतील ‘असुरक्षित’ आणि दुर्गम भागांत राहणाऱ्या ‘मूळ रहिवाशां’ना शस्त्रपरवाने सढळ हाताने द्यावयाचे, असा तो निर्णय. हे जिल्हे कोणते, तेथे बांगलाभाषक मुसलमानांची वस्ती किती दाट आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या परवान्यांची नळी कोणाकडे वळलेली असणार हे निराळे सांगावयास नको. एका शेजाऱ्याला दुसऱ्याचे भय दाखवावयाचे आणि मग त्या भयावर उतारा म्हणून त्याच्या हाती बंदूक द्यावयाची, हा राज्य चालविण्याचा नवा प्रकार आहे. याला ‘स्वसंरक्षणाचा हक्क’ असे भारदस्त नाव दिले की टीका करणारा माणूस आपोआप भित्रा किंवा भाबडा ठरतो.

हे सारे मी एका अभ्यासशिबिरात मोठ्या आत्मविश्वासाने मांडले. मांडून झाल्यावर मराठवाड्यातील एक तरुण दलित कार्यकर्ता उभा राहिला आणि म्हणाला, “सर, पोलीस पंचनाम्याला येतात. रात्र आम्हालाच काढावी लागते.” त्याच्या या दोन वाक्यांना त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाने असे गप्प बसणे शोभत नाही. म्हणून हा लेख.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की शस्त्रधारणेचा हक्क ही आपल्याकडे केवळ प्रतिगाम्यांची मागणी कधीच नव्हती. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्रास्त्र कायदा झाला. हिंदी माणसाने परवान्यासाठी हात जोडावेत आणि युरोपीयाला मात्र त्यातून सूट असावी, ही त्यामागची व्यवस्था. गांधीजी १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत होते, तेव्हा त्यांनी संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केली होती. (अमेरिकेतील बंदूकवाले गांधीजींचे हे मत आज मोठ्या उत्साहाने सांगतात, ते भरतीच्या पत्रकातील आहे, हे मात्र सांगावयाचे विसरतात.) १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क स्पष्टपणे नमूद होता. आणि डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत तोच हक्क संविधानात घालावा अशी दुरुस्ती हरि विष्णू कामथ यांनी मांडली. हे कामथ पुढे प्रजासमाजवादी पक्षाचे खासदार म्हणून आपल्या चळवळीच्या परिचयाचे झाले. म्हणजे हा विचार आपल्या घरातलाच आहे.

डॉ. आंबेडकरांनी त्या दुरुस्तीला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. परकी सत्ता असताना ज्या मागणीला अर्थ होता तिचे स्वराज्यात रूपांतर सरसकट प्रत्येकाच्या हक्कात करणे धोक्याचे होईल, अशी त्यांची भूमिका होती. आज संविधानाचा एकोणिसावा अनुच्छेद नागरिकाला एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देतो, पण शांततेने आणि विनाशस्त्र. दलितांवर रोज होणारा अन्याय आंबेडकरांपेक्षा कोणाला अधिक ठाऊक होता? आणि तरीही त्यांनीच हा हक्क नाकारला, ही गोष्ट मला विचार करावयास लावते. तिचा उलगडा घटना समितीच्या वृत्तांतापेक्षा मला माझ्या गावातच अधिक झाला.

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. खोती पद्धत नष्ट करणारे विधेयक आंबेडकरांनी १९३७ सालीच मुंबई विधिमंडळात आणले होते. कायद्याने ती गेली १९४९ च्या अधिनियमाने. परंतु मी शाळेत जाऊ लागलो तेव्हाही गावात एकच बंदूक होती आणि ती पूर्वीच्या खोतांच्या ओटीवरील भिंतीला टांगलेली होती. ठासणीची, लांब नळीची. परवाना पीकसंरक्षणाचा. गंमत अशी की पीक राखावयाचे असे ते कुळांचे. भात पोटरीला आले की रानडुकरे उतरत. कुळे माळ्यावर बसून पत्र्याचे डबे बडवीत रात्री जागवीत, आणि फारच झाले म्हणजे टोपी हातात घेऊन ओटीखाली उभी राहत. मग बंदूक खाली येई. तिचा मोबदला रोख नसे. पुढे चार दिवसांचे बिनमजुरीचे काम असे, पंचायतीच्या निवडणुकीतले मत असे, आणि भिंतीवरील त्या वस्तूकडे येता-जाता जाणारी नजर असे. त्या बंदुकीतून माणसावर कधी गोळी सुटल्याचे मला आठवत नाही. तशी गरजच नव्हती.

१९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्याने वर्णभेद काढून टाकला, हे खरे. कागदावर आता प्रत्येक नागरिक अर्ज करू शकतो. परंतु २०१६ च्या नियमांप्रमाणे परवान्यासाठी प्रशिक्षण हवे, शस्त्र सुरक्षित ठेवावयाची सोय हवी, शुल्क हवे, पोलिसांचा अनुकूल अहवाल हवा. या अटी गैर आहेत असे मी म्हणत नाही. शस्त्रावर नियंत्रण हवेच. पण ज्याच्या घराला धड दार नाही त्याने सुरक्षित कपाट कोठून आणावे? ज्याच्याविरुद्ध तक्रार द्यावयाची त्याच्याच माडीवर फौजदार चहा घेत असेल, तर अनुकूल अहवाल कोणाला मिळणार? परवाना मालमत्तेच्या मागून चालत जातो. कोडगूमध्ये तर हा संबंध उघडच नोंदविलेला आहे. तेथे कोडव समाजाला आणि ‘जम्मा’ जमीनधारकांना ब्रिटिशांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. केंद्राने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढविली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरविली. जमीन आणि बंदूक एकाच सातबाऱ्यावर असल्यासारखी!

हक्क सर्वांना सारखा दिला तर ही विषमता दूर होईल, असा युक्तिवाद होईल. तसा प्रयोग अमेरिकेने करून पाहिला आहे. १७९१ पासून तेथे दुसरी घटनादुरुस्ती आहे, आणि २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने घरात संरक्षणासाठी बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्या देशात माणसांपेक्षा खासगी बंदुका अधिक आहेत. परंतु १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांच्या वर्तनावर उघडपणे लक्ष ठेवू लागले, तेव्हा काय झाले? त्याच वर्षी भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यावर बंदी घालणारा मलफर्ड कायदा झाला आणि त्यावर सही केली ती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. पुढे बंदूकवाल्यांचे दैवत झालेल्या त्याच रेगन यांनी. ज्या पँथरांच्या नावावरून १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली, त्यांचा हा अनुभव आपल्या कार्यकर्त्यांनी विसरता कामा नये. सर्वांना दिलेला हक्क काळ्या हातात दिसताच आवरता घेण्यात आला.

आता आपल्याकडे या. बिहारमधील जमीनदारांच्या खासगी सेनांनी काय केले ते सर्वज्ञात आहे. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री लक्ष्मणपूर बाथे येथे ५८ दलित मारले गेले, आणि २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाने दोषी ठरविलेल्या सर्व २६ जणांना निर्दोष सोडले. छत्तीसगडमध्ये २००५ पासून सलवा जुडूमच्या नावाखाली सरकारनेच आदिवासी तरुणांच्या हाती बंदुका दिल्या. त्यांना म्हणावयाचे विशेष पोलीस अधिकारी, शिक्षणाची अट पाचवी आणि मानधन महिना तीन हजार रुपये. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरविली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे वेगळीच गोष्ट दिसते. राज्याने आपले सर्वांत धोक्याचे काम सर्वांत गरीब माणसाकडून सर्वांत स्वस्त दरात करून घेतले आणि त्याला स्वावलंबन म्हटले. मणिपुरात तर २०२३ च्या मे महिन्यापासून पोलिसांच्या शस्त्रागारांतूनच हजारो शस्त्रे लुटली गेली. ती सगळी परत आलेली नाहीत. ज्या गावांनी आत्मरक्षणासाठी ती घेतली, त्यांतील एकही गाव आज पूर्वीपेक्षा सुरक्षित आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

याला अपवाद आहे आणि तो लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. जम्मूच्या डोंगराळ भागात, डोडा परिसरात, १९९५ पासून ग्रामसंरक्षण समित्यांना जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली देण्यात आल्या. चौकीपासून काही तासांच्या पायवाटेवर असलेल्या वस्त्यांना त्यांचा आधार वाटला. तो वाटणे स्वाभाविकही होते. तेथील प्रश्न सीमेपलीकडून येणाऱ्या सशस्त्र टोळ्यांचा आहे. शेजारच्या आळीत राहणाऱ्या माणसाविरुद्ध तोच उपाय लावला की त्याचे स्वरूपच बदलते. मी बंदूक घेतली की शेजारी दोन घेणार, आणि त्या शर्यतीत ज्याची ऐपत मोठी तो जिंकणार, हे सांगावयास अर्थशास्त्राचीही गरज नाही.

मग त्या तरुणाच्या रात्रीचे काय? खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. घरात एक बंदूक असती तर ते वाचले असते काय? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही. मला एवढेच दिसते की एका घरावर अख्खा जमाव चालून येतो तेव्हा त्या घराचे एकटेपण हीच त्याची मोठी दुर्बलता असते. पुढे शिक्षा झाल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली नव्हे. जातीचे नाव न्यायनिर्णयात टिकले नाही.

परंतु त्याच कायद्यात एक तरतूद पडून आहे आणि तिच्याकडे मी कार्यकर्त्यांचे लक्ष वेधू इच्छितो. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) नियम, १९९५ मधील तिसरा नियम पाहा. अत्याचारप्रवण म्हणून ओळखलेल्या भागात राज्य सरकारने अनुसूचित जाती-जमातींबाहेरील व्यक्तींचे, त्यांच्या नातलगांचे आणि नोकरांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत. आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना स्वतःच्या व मालमत्तेच्या संरक्षणासाठी परवाने द्यावेत, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. त्या तरतुदींचा क्रम लक्षात घ्या. प्रथम भिंतीवरची बंदूक खाली उतरवावयाची. दुबळ्याच्या हाती देण्याचा विचार त्यानंतर, आणि तोही गरज पडली तर. आसामचा निर्णय नेमका याच्या उलट आहे. भय वाटणाऱ्या बहुजनांनाही आणि भय घालणाऱ्या बलवानांनाही तो एकाच रांगेत उभे करतो.

या क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे. शस्त्रधारणेचा सरसकट हक्क मला मान्य नाही. परंतु ज्या गावात वाड्यावरची बंदूक तशीच राहते त्या गावातील दलिताला अहिंसेवर प्रवचन देण्याचा अधिकारही मला नाही. स्वतःचा जीव वाचविण्याचा हक्क कायद्याने त्याला दिलेलाच आहे. तो पूर्वी दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. त्यासाठी परवाना लागत नाही. हे वस्तीतील किती जणांना ठाऊक आहे? लाठी उचलली म्हणून उलट गुन्हा दाखल होईल या धास्तीनेच अर्धी माणसे मार खातात.

सिद्धतेचा दुसराही एक अर्थ आहे आणि त्यात बंदुकीचा संबंध येत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. गाव नाहीसे झाल्याचे प्रथम कोणाच्या ध्यानी आले? नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी.च्या चालकाच्या. तोट्यातील फेरी म्हणून ती गाडी बंद केली असती, तर बातमी बाहेर पडावयास आणखी किती वेळ गेला असता कोण जाणे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तेथे जावयास रस्ताही नव्हता. मदत करणाऱ्यांना पावसात डोंगर चढून जावे लागले. येणारी गाडी, चालू असलेला फोन, उघडे असलेले आरोग्य केंद्र, रात्री हाकेला येणारी शेजारची चार माणसे यांची गणना आपण सुरक्षेत करीत नाही, कारण यांपैकी काहीही एकट्याला विकत घेता येत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६३-ब मध्ये ग्रामसंरक्षक दलांची तरतूद आहे. बहुतेक गावांत ही दले गणेशोत्सवाच्या बंदोबस्तापुरती उरतात, आणि त्यांत दलित वस्तीतील तरुण, स्त्रिया, पारधी किती असतात, हे विचारले की पोलीस पाटील विषय बदलतात.

त्या तरुणाला मी आता पत्र लिहिले आहे. तुझ्या तालुक्यात शस्त्रपरवाने किती आणि कोणाच्या नावावर आहेत, हे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात विचार. नावे नाकारली तर निदान गाववार संख्या माग. तुझा भाग अत्याचारप्रवण म्हणून नोंदलेला आहे काय आणि तिसऱ्या नियमाखाली आजवर एक तरी परवाना रद्द झाला आहे काय, हेही विचार. जिल्हा दक्षता व सनियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा घेणे नियमाने बंधनकारक आहे. ती शेवटची कधी झाली याचे इतिवृत्त माग. ग्रामसंरक्षक दलात वस्तीतील निम्मी नावे गेलीच पाहिजेत असा अर्ज ग्रामसभेत वाचून दाखव, आणि एकटा जाऊ नकोस, दहा जणांना घेऊन जा. त्याचे उत्तर परवा आले. माहितीचा अर्ज त्याने टाकला आहे. पोहोच मिळावयास तीन खेपा पडल्या.