कानाचे यंत्र कपाटात का जाते?

‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांची तक्रार शब्दशः खरी असते. वयोमानाने कान आधी उंच पट्टीचे आवाज गमावतो. स्वर ऐकू येत राहतात. स, ठ, ख, फ यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणून ‘सातची गोळी’ ‘आठची’ वाटू शकते. सेविका ओरडून बोलली तरी स्वरच मोठे होतात आणि आजींना वाटते, ही आपल्यावर खेकसते आहे. टीव्ही बंद करून, समोर बसून, ओठ दिसतील असे सावकाश बोलले तर बराच फरक पडतो. सेविकांना एवढे शिकवायला पैसाही लागत नाही.

छत्रपती संभाजीनगरात पैठण रस्त्यावर मातोश्री वृद्धाश्रम आहे आणि घाटी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. पण ऐंशीच्या आजीला घाटी गाठायची म्हणजे रिक्षा, केसपेपर, रांग आणि दिवसभर सोबतीला एक माणूस. त्यापेक्षा ती गप्प बसणे पसंत करते, आणि ‘वय झालं’ म्हणून सगळे ते मान्य करतात. शिवाय वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेली पिढी आता म्हातारी होते आहे. यंत्रांच्या गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. निवृत्तीनंतर मात्र त्या कानांची विचारपूस कोणी करत नाही.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. गरजू वृद्धांना साहाय्यक साधने देणारी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 मध्ये आली; त्यात 65 वर्षांवरील गरजूंना अशा साधनांसाठी एकदाच 3000 रुपये खात्यात मिळतात. कानामागे बसणारे बरे डिजिटल यंत्र एवढ्यात येत नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्याचा निकषही कडक: दोन्ही कानांत किमान 60 डेसिबलची हानी असेल तरच माणूस श्रवणदोषामुळे दिव्यांग ठरतो. पन्नासवर अडलेल्या आजोबांना पंगतीतले बोलणे कळत नाही, पण प्रमाणपत्रही मिळत नाही.

आणि यंत्र हाती आले तरी ते टिकवावे लागते. मळ साचला किंवा कानातला साचा सैल बसला की ते शिट्टी मारू लागते. झिंक-एअर बॅटरीवरचा स्टिकर काढला की ती वापरात असो-नसो, उतरू लागते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत संपते. थरथरत्या बोटांना ती वाटाण्याएवढी बॅटरी बसवणे जमत नाही. महिनाभरात यंत्र कपाटात जाते, आणि ‘आजोबा वापरतच नाहीत’ असा दोष उलट त्यांच्यावरच येतो.

हा प्रश्न नुसत्या गप्पागोष्टींचा नाही. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या 14 जोखमींत श्रवणहानी धरली आहे. 2023 च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत श्रवणोपचाराने सर्वांना सरसकट फायदा दिसला नाही. पण मुळात जोखीम जास्त असलेल्या वृद्धांची बौद्धिक घसरण तीन वर्षांत 48 टक्क्यांनी मंदावली. आश्रमातली माणसे बहुधा याच गटातली.

म्हणून घाटीच्या पथकाने महिन्यातून एकदा आश्रमात यावे. मळ तिथेच काढावा, तपासणी करावी, साच्याचे माप घ्यावे, आधीची यंत्रे जुळवून द्यावीत. आश्रमाने एका सेविकेला कानांचे काम नेमून द्यावे: सकाळी यंत्र पुसून बसवणे, रात्री बंद करून डबीत ठेवणे. बॅटऱ्यांचा खर्च औषधांच्या खर्चात धरावा. समाजकल्याण विभागानेही वृद्धाश्रमाची तपासणी करताना किती यंत्रे दिली, याबरोबरच त्यांतली किती त्या दिवशी कानात होती, हे नोंदवून घ्यावे.