बाटलीच्या मापाची पानं

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीच्या आवारात एक आंबा आहे आणि त्या आंब्यावर एक वेल चढलेला आहे. पहिल्यांदा येणारा पाहुणा मान वर करून हमखास विचारतो, हे कसलं झाड हो? एकेक पान सुपाएवढं, कडेपासून आतपर्यंत फाटत गेलेलं, हिरव्यावर पिवळे फराटे. मी सांगतो, मनी प्लँट. पाहुण्याचा विश्वास बसत नाही. कारण त्याच्या घरी टीव्हीशेजारी जो मनी प्लँट बाटलीत उभा असतो, त्याचं पान विड्याच्या पानाहून मोठं नसतं आणि गेली दहा वर्षं ते तेवढंच असतं.

पण दोन्ही एकच. एवढंच नव्हे, आंब्यावरचा वेल आमच्याच बाटलीतला आहे. १९८६ साली बँकेच्या कर्जावर आम्ही इथे जागा घेतली, तेव्हा सौ.नं माहेरच्या, घाटकोपरच्या चाळीतून हॉर्लिक्सच्या बाटलीत एक फांदी आणली होती. फार लोंबायला लागली म्हणून एका पावसाळ्यात तिनं अर्धी छाटली आणि खिडकीतून खाली टाकली. ती पडली आंब्याच्या बुंध्याशी. पुढचं तिचं तिनंच केलं.

मनी प्लँट चोरून लावला तर घरात पैसा येतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. मी अंधेरीच्या शाखेत असताना काउंटरच्या कोपऱ्यात एक कुंडी होती आणि तिच्या वेलाचा शेंडा दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी खुडून न्यायचं. बँकेतला मनी प्लँट चोरला तर फळ दुप्पट, असा हिशेब असावा. त्यात आमचे काही कर्जदारही असणार. त्यांच्या हप्त्यांवर त्याचा काही परिणाम झालेला मात्र मला दिसला नाही.

या चोरीत एक गंमत आहे, ती मला निवृत्तीनंतर वाचताना कळली. हा वेल मूळचा पॅसिफिक महासागरातल्या, ताहितीजवळच्या मोरेआ बेटावरचा. १८८० साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि नंतरची ऐंशी-पंचाऐंशी वर्षं वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलवत राहिले. आमच्या बँकेच्या बदल्या त्या मानानं बऱ्या. घोळाचं एक कारण असं, की ओळख पटवायला फूल लागतं आणि हा फुलतच नाही. फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारं त्याचं जनुक नीट काम करत नाही, असं २०१६ साली एका अभ्यासात दाखवलं गेलं. लागवडीतल्या वेलाला आपणहून फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ची आहे. फूल नाही म्हणून बी नाही. म्हणजे बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जितके मनी प्लँट खिडक्यांतून लोंबताहेत, त्यांतला प्रत्येक कुणीतरी कुणाच्या तरी वेलाचा तुकडा मोडून लावलेला आहे. दिलेला किंवा चोरलेला, तिसरा मार्ग त्याला नाही.

‘त्याला काही लागत नाही’ हे या झाडाबद्दलचं आपलं सगळ्यांचं आवडतं वाक्य. माझा आक्षेप आहे तो या वाक्यावर. चाळीत लोक उडालेल्या बल्बमध्ये पाणी भरून त्यात मनी प्लँट लावत, आणि तो जगे. म्हणून काही लागत नाही? आमच्या आईलाही काही लागत नसे. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांचं करताना तिला काय लागतं, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

लागतं. पेर पाण्यात बुडालेलं लागतं, कारण मूळ फुटतं ते पेरावरच्या तपकिरी गाठीतून. नुसता देठ आणि पान ठेवून काही होत नाही. उजेड लागतो, पण दुपारचं रणरणतं ऊन नको. अंधाऱ्या कोपऱ्यात पानांवरचे पिवळे फराटे पुसट होत जातात. कुंडीत असेल तर वरची बोटभर माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये. पाण्यावाचून मरतात त्याहून अधिक मनी प्लँट रोजच्या मायेच्या तांब्यानं मुळं कुजून मरतात. आणि हा आपल्या अळवाच्याच कुळातला. अळू ज्या सुईसारख्या स्फटिकांनी खाजतं तेच याच्यातही असतात, तेव्हा रांगत्या मुलाच्या आणि मांजराच्या तोंडापासून लांब.

बाटलीतला असेल तर आठवड्याला पाणी बदलायचं आणि बाटली आतून घासायची. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो आणि त्याची अंडी काचेला चिकटून कोरडीसुद्धा महिनोन्महिने तग धरतात. महापालिकेची माणसं पावसाळ्यात घरोघर येऊन शोभेच्या बाटल्या तपासतात, तेव्हा मी बँकेच्या इन्स्पेक्शनच्या सवयीनं हसत दार उघडलं होतं. अळ्या आमच्याच बाटलीत निघाल्या.

हवा शुद्ध होते म्हणून मनी प्लँट घेणाऱ्यांसाठी एक कडू बातमी. ‘नासा’चा १९८९चा जो प्रयोग सगळे सांगतात, तो बंद पेटीत केलेला होता. २०१९ साली असे अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा असं निघालं, की उघड्या खिडकीएवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं ठेवावी लागतील. आमच्या हॉलमध्ये मग आम्हाला उभं राहायला जागा उरायची नाही.

सगळ्यात महत्त्वाचं लागतं ते वर चढायला काहीतरी. टांगून खाली सोडलेल्या वेलाची पानं लहान होत जातात. त्याच वेलाला काथ्या गुंडाळलेली काठी द्या, हवेतली मुळं तिला धरतात आणि पान मोठं यायला लागतं. झाड आणि जमीन दोन्ही मिळाली की काय होतं ते आमच्या आंब्यावर आहे. मी एकदा उलटा प्रयोगही केला. वरच्या वेलाचा, चांगला मनगटाएवढा, मोठ्या पानांचा तुकडा आणून पाण्यात ठेवला. मुळं फुटली. मोठी पानं एकेक करून पिवळी पडली आणि नवी आली ती बाटलीच्या मापाची. वर्षभरात ओळखू येईना, की हा कधी आंब्यावर होता.

गेल्या वर्षी सोसायटीनं पुनर्विकासाचा ठराव केला. आवारातल्या झाडांची मोजणी झाली, कारण झाड तोडायला किंवा हलवायला १९७५च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आंब्याला नंबर मिळाला. वेलाला मिळाला नाही. वेल म्हणजे झाड नव्हे. आंबा मुळासकट उचलून दुसरीकडे लावू, असं सांगितलं जातं. हलवलेले जुने आंबे किती जगतात यावर मी पैज लावणार नाही, आणि लावायची झाली तर मोठी रक्कम लावणार नाही.

सभेत मी उठून एवढंच म्हटलं, की नकाशात आंब्याभोवतीची जमीन तशीच ठेवता येईल का बघा. पोडियमवर बाग दाखवलेली आहे, छान आहे, पण तिच्या खाली गाड्या आहेत. तिथे मूळ जाणार कुठे? जमीन म्हणजे फक्त दोन गाड्यांची जागा. ‘साहेब, तुम्ही तर बँकेतले, दोन पार्किंगचे आज किती होतात तुम्हाला सांगायला हवं?’ मागून एकजण म्हणाला. लोक हसले, मीही हसलो. मग दुसऱ्यानं समजूत घातली, ‘मनी प्लँटच ना? नव्या घरात बाटलीत लावा. त्याला काय लागतं?’ विषय पुढे गेला. मी मात्र लेखी सूचना दिली आहे आणि पोच घेतली आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढं शिकलो.

दरम्यान सौ.नं वेलाचे चोवीस तुकडे करून ठेवलेत, आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं आहेत म्हणून. सगळे भाड्याच्या घरांत विखुरणार. ज्याला त्याला जाताना एक. पहिली बाटली ती तळमजल्याच्या काकूंकडे घेऊन गेली, तर त्यांनी हातच लावला नाही. ‘अगं, असा दिलेला नको,’ त्या म्हणाल्या. ‘तू जिन्यात ठेव आणि आत जा.’

हिनं बाटली जिन्यात ठेवली, आत येऊन दार लोटलं. दहा मिनिटांनी मी बघितलं तर बाटली नव्हती.