त्यांनी केलं म्हणून?



हिवाळी ऑलिंपिक जवळ आलं की एक जुना व्हिडिओ आपल्या मंडळींत हमखास फिरू लागतो. व्हँकुव्हर, फेब्रुवारी २०१०. मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट ही आपल्याच मिशिगनची जोडी बर्फावर 'कजरा रे' आणि 'डोला रे डोला'च्या तालावर नाचते आहे. तो पाहिला की आम्हा आईबाबांच्या तोंडून एक वाक्य निघतंच, "बघा, अमेरिकन मुलं आपल्या गाण्यावर नाचतात, आणि तुम्हाला मेली लाज वाटते!"

मीही म्हटलं. माझी १४ वर्षांची लेक पोहे खाता खाता म्हणाली, "आई, त्यांनी केलं म्हणून ते चांगलं झालं का? आणि मीपण अमेरिकनच आहे ना?"

मला उत्तर सुचलं नाही. आता पुष्कळ विचार करून मी ते वाक्य परत घेते आहे. इतर पालकांनीही घ्यावं असं माझं मत आहे.

एक तर, त्यात 'आपलं' किती होतं? त्या वर्षी स्पर्धेतल्या एका फेरीचा विषय लोकनृत्य होता. ही गाणी हिंदी सिनेमातली, त्यातला 'देवदास' तर बंगालचा. पण ते जाऊ द्या. त्या जोडीकडून खरोखर घेण्यासारखं जे आहे, ते आपण बघतच नाही.

मेरिल आणि चार्ली १९९७ साली एकत्र आले तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचे होते. मेरिल इतकी लाजाळू होती की नाचताना ती चार्लीच्या तोंडाकडे बघायचीच नाही. शेवटी शिक्षकांनी चार्लीच्या कपाळावर एक स्टिकर चिकटवला आणि तिला सांगितलं, त्याच्याकडे बघ! (आपल्या वर्गात मराठी बोलताना जमिनीकडे बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) आइस डान्समध्ये जोडीदाराला उंच फेकणं नाही, हवेतल्या चार-चार गिरक्या नाहीत. सगळी करामत पावलांची, आणि एकमेकांच्या जवळ राहून एका तालात सरकण्याची. ती एका हिवाळ्यात येत नाही. या दोघांनी जोडीदार बदलला नाही. सतरा वर्षं तीच जोडी.

कँटनच्या रिंकवर ते सराव करत, आणि त्याच रिंकवर, त्याच प्रशिक्षकांकडे त्यांचे सगळ्यांत मोठे प्रतिस्पर्धीही शिकत होते, कॅनडाचे टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोअर. कल्पना करा, ज्यांना हरवायचं त्यांच्याशी रोज सकाळी गाठ! २०१० मध्ये सुवर्णपदक कॅनडाच्या जोडीला आणि रौप्य आपल्या जोडीला मिळालं. म्हणजे ज्या स्पर्धेचा व्हिडिओ आपण मिरवतो, तीत ते दुसरे आले होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कामाला लागले असं नाही म्हणत, चार दिवस रडले असतील. पण सोडलं नाही. २०११ मध्ये ते विश्वविजेते झाले, आइस डान्समध्ये अमेरिकेसाठी पहिल्यांदाच. २०१४ मध्ये सोचीला सुवर्णपदक, तेही अमेरिकेचं या प्रकारातलं पहिलंच. टेसा आणि स्कॉट तेव्हा दुसरे आले.

आणि दुसरी गोष्ट. भारतीय नाच करायचा ठरल्यावर त्यांनी तो नुसता टीव्हीवर बघून उचलला नाही. एका भारतीय नृत्यशिक्षिकेची मदत घेतली, हात कसा धरायचा, मान कशी फिरवायची ते विचारून घेतलं. त्याच फेरीत रशियाच्या डोम्निना आणि शाबालिन या तेव्हाच्या विश्वविजेत्यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या नावाने एक नाच बसवला होता. तिथल्या आदिवासी पुढाऱ्यांना तो अपमान वाटला, आणि ऑलिंपिकच्या आधीच त्यांनी तसं जाहीर सांगितलं. दोन्ही जोड्या परक्याच्या घरातली वस्तू घेत होत्या. फरक विचारण्याचा होता.

आता आपल्याकडे या. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात आपली मुलं काय करतात? चार रविवार तालीम, त्यात दोन रविवारी सॉकर. गाणं व्हिडिओवरून उचललेलं, शब्दांचा अर्थ कुणालाच माहीत नाही. मागच्या वर्षी कोळीनृत्यात नाचणाऱ्या एका मुलाला मी विचारलं, हातात काय धरलंय? म्हणाला, "पॅडल फॉर समथिंग." दोष त्याचा नाही, आमचा आहे. आम्ही त्याला वल्हं शिकवलंच नाही, पण लाज वाटू देऊ नकोस असं मात्र बजावलं. जे नीट शिकवलेलंच नाही त्याची मुलांना लाज वाटणार नाही तर काय होईल?

म्हणून माझी सूचना अशी. या वर्षी कार्यक्रमात नाच एकच ठेवावा, लेझीम. सुरुवात आत्तापासून, दर रविवारी वर्गानंतर २० मिनिटं. आपल्यातल्या दोन आजोबांनी शाळेत असताना लेझीम खेळलेली आहे. त्यांना आपण आजवर फक्त पुढच्या रांगेत खुर्च्या दिल्या, आता त्यांना शिकवायला बोलवू या. जोड्या एकदा ठरल्या की बदलायच्या नाहीत, मैत्रीण दुसऱ्या रांगेत असली तरी.

नावं माझ्याकडे द्यावीत. आत्तापर्यंत सहा आली आहेत. माझ्या लेकीचं नाव त्यांत नाही. "विचार करते," म्हणाली आहे, आणि मी दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.

— एक आई